डार्सीची गैरहजेरी लाव

कॉर्डर, ६ सप्टेंबर

प्रिय व्हर्लीन मावशी,

सोबतचा पिवळा कागद बघून घाबरू नकोस, आणि मला शिव्याही घालू नकोस. तो मी लिहिलेला नाही. यंत्रातून निघतो, मी फक्त पाकिटात घालते. पण आपल्याच घरात असा कागद धाडला आणि त्यामागे दोन ओळी खरडल्या नाहीत, तर माझी आई थडग्यातून उठून माझा कान पिळेल. मावसबहिणी ना तुम्ही! फोन केला असता, पण तुला ऐकू येत नाही आणि तू मात्र सगळ्याला 'हो हो' म्हणतेस.

गोष्ट अशी की तुझ्या नातीने, डार्सीने, शाळा सुरू झाल्यापासून संगणक उघडलेलाच नाही. आज शाळेचे नऊ दिवस झाले. सलग पंधरा झाले की नाव आपोआप गळतं.

आमची शाळा म्हणजे काय ते तुला ठाऊकच आहे. ना इमारत, ना घंटा. धोबीखाना आणि टायरवाला यांच्या मधली एक खोली, तिच्यात मी, मुख्याध्यापक लॅथम आणि कॉफीचं मशीन. मुलं मात्र एकशे तेरा, राज्यभर पांगलेली, घरी पडद्यासमोर बसून शिकणारी. आणि कोण मुलं? जी दुसरीकडे कुठे टिकली नाहीत ती. सात पोरींच्या मांडीवर तान्हं बाळ आहे. चौदाजण दिवसभर कामाला जातात. एकाला वर्गात इतकं मारलं होतं की तो अजून कॅमेरा लावत नाही.

एक ऑक्टोबरला राज्य आमची मोजणी करतं. प्रत्येक मूल कुठल्या ना कुठल्या रकान्यात बसवायचं. एखाद्या रकान्यात दहापेक्षा कमी मुलं असली तर आकडा छापत नाहीत, तिथे फुली मारतात, म्हणजे कोणाला मूल ओळखता येऊ नये. हेतू चांगला आहे गं, पण फुलीच्या वाट्याला राज्याचा पैसा येत नाही. 'आईबापांविना राहणारी मुलं' असा एक रकाना आहे. गेल्या वर्षी त्यात नऊ होती. यंदा डार्सी धरून दहा झाली, आणि दहा झाली म्हणूनच आम्हाला राज्याच्या पगारावर मायते उगाल्दे नावाची बाई मिळाली. गाडी घेऊन घरोघर जाते, पोरांची विचारपूस करते. एका पोराचा काका फ्रिजला कुलूप लावतो. त्याला ती आठवड्याचं खाणं पोचवते. एक तारखेला दहाची नऊ झाली की तिची नोकरी संपली.

म्हणून सांगते मावशी, डार्सीने रोज एकदा नुसतं उघडून बंद केलं तरी यंत्राच्या लेखी ती हजर. हे मी तुला सांगायला नको होतं, पण सांगितलं.

तुझी,
लोर्ना

हॅगर्टी क्रीक, ११ सप्टेंबर

लोर्ना पोरी,

तुझा पिवळा कागद पोचला. चूल पेटवायला बरा आहे.

डार्सी मजेत आहे. मेंढ्या डोंगरावरून खाली आणायच्या आहेत, कुंपण तीन ठिकाणी पडलंय, पोरीला श्वास घ्यायला फुरसत नाही. त्यात थोडा आळसही असेल, मी नाही कशाला म्हणू? सोळाव्या वर्षी तूही काही कमी नव्हतीस. तुझ्या आईने तुला भर दुपारी तोंडावर पाणी मारून उठवलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय.

उद्यापासून उघडेल. माझा शब्द.

एक विचारायचं होतं. नाव गळलं तर ते जज्जबाईपर्यंत जातं का? मार्चमध्ये तिने डार्सीला माझ्या हवाली केलं ते एकाच अटीवर, की पोरगी शाळेत पाहिजे. नाव गळलं तर शहरात कुठल्या तरी परक्याच्या घरी नेऊन टाकतील. सत्त्याहत्तर वर्षांच्या बहिऱ्या म्हातारीला दुसऱ्यांदा पोर कोण देतंय?

आणि तो आत शिरायचा खुणेचा शब्द तिने भिंतीवर चिकटवून ठेवलाय, तो मध्येच बदलत नाही ना? तिला विसरायची खोड आहे म्हणून विचारते.

व्हर्लीन

कॉर्डर, २७ सप्टेंबर

प्रिय मावशी,

तू काय जादू केलीस? बारा तारखेपासून डार्सी एक दिवस चुकलेली नाही! रोज पहाटे पाच वाजून बारा मिनिटांनी हजर. लॅथम म्हणाले, "सोळा वर्षांची पोर पाचला उठते? हिला प्रदर्शनात ठेवा." मी म्हटलं, "तुम्ही तिची आजी पाहिली नाही." गृहपाठ एकही आलेला नाही, पण ते बघू नंतर. आधी हजेरी, मग अभ्यास. आमच्याकडे असंच चालतं.

नाव गळलं तर ते कोर्टापर्यंत जातं, हो. पण आता गळतच नाही, तर तू कशाला झोप घालवतेस? मोजणीला चार दिवस उरलेत. चार जण गेले, एकशे नऊ राहिलेत, पण आपले दहा शाबूत आहेत.

मेंढ्या उतरल्या का?

तुझी,
लोर्ना

हॅगर्टी क्रीक, ४ ऑक्टोबर

लोर्ना,

मेंढ्या उतरल्या. दोन कमी भरल्या.

ती तुझी गाडीवाली बाई, उगाल्दे, ती कुठवर जाते? म्हणजे डार्सीचा बाप, वेड, खाणीवर काम करतो, तीनशे मैलांवर ट्रेलरमध्ये राहतो. इतक्या लांब जाऊन ती बघून येईल का? सहजच विचारतेय. त्याला मी दोन पत्रं घातली, एक परत आलं.

मोजणी झाली असेल.

व्हर्लीन

कॉर्डर, १० ऑक्टोबर

प्रिय मावशी,

झाली मोजणी! दहा! मायते राहिली. ही बातमी ऐकून ती, ज्याचा काका फ्रिजला कुलूप लावतो त्या पोराकडे केक घेऊन गेली होती. वेडी आहे अगदी.

डार्सीच्या बापाचं, वेडचं, काय मध्येच? डार्सीला परत मागतोय की काय? तसं असेल तर घाबरू नकोस, तिची हजेरी बघितली की जज्जबाई त्याला दारातही उभं करणार नाही. मायतेला मात्र मला तिकडे धाडता येणार नाही. मोजणीपासून नवा नियम आलाय, सलग पाच दिवस गैरहजर असेल त्याच्याच घरी तिने जायचं, आणि तुझी नात तर आमच्याकडची सगळ्यात नेमाची विद्यार्थिनी. मुख्याध्यापकांच्या महिन्याच्या पत्रकात तिचं नाव पहिलं छापलंय. कात्रण सोबत आहे, फ्रिजवर लाव.

तुझी,
लोर्ना

हॅगर्टी क्रीक, २ नोव्हेंबर

लोर्ना,

नीट बसून वाच आणि मध्ये उठू नकोस.

ते यंत्र मी उघडते. सुरुवातीपासून मीच. पहाटे मेंढ्यांना बघून येते, चष्मा लावते, भिंतीवरचा शब्द एकेका बोटाने ठोकते, तिचं नाव आलं की बंद करते. डार्सी ऑगस्टच्या तीस तारखेला गेली.

भांडण तिने शाळा उघडली नाही यावरूनच झालं. ती म्हणाली, "त्या पडद्यात कोण आहे माझं?" आणि मी नको ते बोलले. तिची आई, माझी लेक, गोळ्या खाऊन गेली हे तुला माहीत आहे. मी पोरीला म्हटलं, "आईच्याच वळणावर चाललीयस, तिच्यासारखीच संपशील." जीभ झडायला हवी होती माझी. तिने पिशवी भरली, "बापाकडे जाते" म्हणाली आणि रस्त्याला लागली. मीही हटून बसले. मनात म्हटलं, तो दारुडा आठ दिवसही सांभाळणार नाही, येईल परत. तोवर नाव गळू नये, कोर्टाला कळू नये, एवढ्यासाठी ते यंत्र उघडत बसले. आठाचे पंधरा झाले, पंधराचे साठ.

परवा वेडचं उत्तर आलं. चारच ओळी. ती तिथे पोचलीच नाही. त्याला वाटत होतं ती माझ्याकडे आहे.

काल शेजारच्या बिलच्या गाडीतून शेरीफच्या पोलीस कचेरीत गेले. तिथल्या पेल नावाच्या डेप्युटीने डार्सीचं नाव त्याच्या यंत्रात घातलं, त्यात शाळांची हजेरीही दिसते म्हणे, आणि पडदा माझ्याकडे वळवला. मग मला ऐकू येत नाही म्हणून कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'आजी, तुमची नात आज पहाटे ५.१२ ला शाळेत होती.' मी म्हटलं, "ती मी होते." तो हसला. मला कॉफी दिली. बिलला बाजूला घेऊन काहीतरी बोलला. बिल सांगत नाही, पण मला कळतं. म्हातारी भ्रमिष्ट झाली असंच बोलला असणार.

लोर्ना, माझा शब्द कोणी धरत नाही. तुझा धरतील. डार्सीची गैरहजेरी लाव. तीस ऑगस्टपासून लाव. कोर्टाला कळू दे, मला तुरुंगात घालू देत, पण आधी पोरीला शोधू देत.

व्हर्लीन

कॉर्डर, ६ नोव्हेंबर

मावशी,

तुझं पत्र धोबीखान्यात बसून वाचलं. कचेरीत वाचवेना.

मला सांगायची लाज वाटते, पण तुझ्याशी खोटं बोलायचं नाही. मोजणीच्या आकड्यावर वीस नोव्हेंबरला राज्याचा शिक्का पडतो. त्याआधी मी डार्सीला तीस ऑगस्टपासून गैरहजर लावलं तर ती एक ऑक्टोबरला नव्हतीच, असं ठरतं. दहाचे नऊ होतात. मायते दुसऱ्या दिवशी बंद. चौकशी लागेल, आणि हजेरीची युक्ती कोणी सांगितली ते निघेल. माझी नोकरी जाईल ते वेगळंच. तेही खरं कारण आहे, लपवत नाही.

फक्त चौदा दिवस थांब. एकवीसच्या सकाळी मी स्वतः सगळं लिहून देईन, स्वतः पेलकडे जाईन. डार्सी हुशार आहे, कुठेतरी मैत्रिणीकडे असेल, कुठेतरी काम करत असेल. सत्तर दिवस तिने काढले, हेही काढेल. त्या नऊ पोरांचा विचार कर. त्यांना विचारणारं दुसरं कोणी नाही गं.

तुझी,
लोर्ना

हॅगर्टी क्रीक, ९ नोव्हेंबर

लोर्ना,

'हेही काढेल' म्हणे! तुझ्या पोटची असती तर असं लिहिलं असतंस?

त्या नऊ पोरांचं मला वाईट वाटतं, देवाशपथ वाटतं. पण त्यांचं पोट भरायला माझी दहावी वापरू नकोस. तिलाही विचारणारं दुसरं कोणी नाही.

तू काही करू नकोस, बस गप्प. मी यापुढे यंत्राला हात लावणार नाही. चौदा तारखेला बिल पुन्हा गावात जाणार आहे. अकरापर्यंत शाळेला सुट्टी आहे, तरी तोवर डार्सी चांगली तीन दिवस गैरहजर दिसेल, मग तो पेल काय लिहितो ते बघते. इथे बर्फ पडायला लागलाय. तिच्याकडे पातळ जाकीट आहे, दुसरं काही नेलेलं नाही.

व्हर्लीन

हॅगर्टी क्रीक, १५ नोव्हेंबर

लोर्ना, माझ्या राणी,

तुझं उत्तर नाही आलं, माझ्यावर रागावली असशील. राग सोड. ऐक!

काल पेलकडे गेले. त्याने पुन्हा पडदा वळवला. मी म्हटलं, आता बघ, रिकामा असेल. तर हजर! बारा तारखेला हजर, तेराला हजर, चौदाला हजर. आणि पाच बाराला नव्हे बरं का, आठ वाजून पाच मिनिटांनी. अगं, मी तर यंत्र कपाटात घालून वर गोधड्या रचल्यात!

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. डार्सी! ती स्वतः उघडतेय. कुठल्या तरी दुसऱ्या यंत्रावरून, जिथे असेल तिथून. आठला म्हणजे तिचीच वेळ, आठच्या आधी ती कधी उठली नाही. पेलच्या कचेरीत मी रडले, त्या माणसाचा हात धरून रडले. तो बिचारा घाबरला.

जिवंत आहे, लोर्ना. शाळेत यायला लागलीय, म्हणजे राग उतरत आला असेल. हो ना?

एक काम कर. तुमच्या त्या पडद्यावर मुलांना निरोप धाडता येतो ना? तिला लिही: आजी रागावलेली नाही. आजी जे बोलली ते खोटं होतं, तू आईसारखी नाहीस, आणि असलीस तरी आजीला चालेल. ये. एवढंच लिही, उगाच शाळेचं काही घालू नकोस. तिची खोली मी आवरून ठेवलीय.

तुझी मावशी,
व्हर्लीन

कॉर्डर, १८ नोव्हेंबर

मावशी,

तुझं पत्र आज अकरा वाजता मिळालं. ती डार्सी नाही. ती मी आहे.

तू उघडायचं बंद केलंस, आणि मी घाबरले. वीसच्या आत तिच्या नावापुढे गैरहजेरी लागली तर राज्याची नजर जाईल, म्हणून बारा तारखेपासून रोज कचेरीत आल्या आल्या मी इथूनच तिच्या नावाने उघडत होते. आठ पाच ही माझी यायची वेळ. आज सकाळीही उघडलं. तू पेलकडे जाणार हे मला माहीत होतं. त्याला हजर दिसेल, तू गप्प घरी जाशील, एकवीसपर्यंत वेळ मिळेल, एवढाच हिशेब मी केला. तू त्याचा असा अर्थ लावशील हे माझ्या मनात आलं नाही. यायला हवं होतं.

तुझा निरोप मी तिला पाठवला. तो उघडला गेलेला नाही. सप्टेंबरपासून तिच्या नावाने आलेलं काहीच उघडलेलं नाही. हे मी एका मिनिटात बघू शकले असते, आणि कधी बघितलं नाही.

बारा वाजता मी सगळं लॅथमना सांगितलं आणि तीस ऑगस्टपासूनची गैरहजेरी लावली. आसपासच्या सगळ्या काउंट्यांच्या शेरीफना लेखी कळवलं. मायते तिचा फोटो घेऊन आताच निघाली. मी इथे बसलेय, लॅथम कोणाशी तरी फोनवर बोलतायत, बहुधा माझ्याबद्दलच. माझं जे व्हायचं ते होवो. मला माफ कर असं म्हणायला तोंड नाही, तरी म्हणते.

लोर्ना

हॅगर्टी क्रीक, २६ नोव्हेंबर

लोर्ना,

तुझं पत्र वीस तारखेला आलं. त्याआधी, अठराच्या संध्याकाळी, पेल येऊन गेला होता.

तू बारा वाजता खरं लिहिलंस आणि दोन वाजता त्याला शेजारच्या काउंटीतून फोन आला. दोन तास लागले. ती सप्टेंबरपासून तिथल्या कांद्याच्या वखारीत कामाला होती, तुझ्या कचेरीपासून चाळीस मैलांवर. स्वतःच्या नावाने. मागच्या आवारात एका जुन्या कँपरमध्ये, म्हणजे राहायच्या गाडीत, राहत होती. बारा तारखेच्या रात्री थंडी वाढली म्हणून खिडक्या बंद करून गॅसची शेगडी लावून निजली. सकाळी उठली नाही. झोपेतच गेली, त्रास झाला नाही, असं पेलने कागदावर लिहिलं. लिहिणारा दुसरं काय लिहिणार?

तिच्या खिशात वखारीचं कार्ड होतं, डार्सी स्टुकल. पण त्या वखारीत निम्मी माणसं दुसऱ्याच्या नावावर काम करतात, म्हणून तिथल्या डेप्युटीने खात्री करायला नाव यंत्रात घातलं. यंत्र म्हणालं, डार्सी स्टुकल आज सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी शाळेत हजर. मग त्याने ते कार्ड बाजूला ठेवलं आणि 'अनोळखी मुलगी' लिहून तिला शवागारात बर्फात ठेवलं. त्याला मी काय बोल लावू? मीही त्याच यंत्रावर विश्वास ठेवला.

पेल हातात टोपी घेऊन दारात उभा होता आणि मी त्याला हसले, लोर्ना. म्हटलं, "जा बाबा, कोणा दुसऱ्याची असेल. माझी तर रोज सकाळी आठ पाचला शाळेत असते." तो टोपी घालून परत गेला. पुन्हा एकोणीसला आला, तेव्हा मी दार उघडलं नाही. ओळख पटवायला गेलेच नाही. मग वीसला तुझं पत्र आलं, आणि मी कोट अंगात घातला आणि बिलला म्हटलं चल.

शनिवारी तिला तिच्या आईशेजारी ठेवलं. तुझी मायते उगाल्दे आली होती. नोकरी गेली म्हणाली. त्या कुलूपवाल्या काकाकडे राहणाऱ्या पोराकडे अजून जाते, पेट्रोल स्वतःच्या खिशातून घालते. चांगली बाई आहे.

तू माफी मागितलीस. पोरगी सप्टेंबरात जिवंत होती, ऑक्टोबरात जिवंत होती, चारचौघांत कांदे निवडत होती. कोणीही शोधलं असतं तर चार दिवसांत सापडली असती. आणि ते सगळे दिवस रोज पहाटे तिला हजर मी करत होते. मोठा वाटा माझा आहे. तो मी तुझ्या माथी मारणार नाही. कोर्टाचं पत्र आलंय, तिथेही हेच सांगेन.

पण चौदा ते वीस. तेवढे दिवस मी सुखात होते. बहिऱ्या कानांनी गात होते, बिल म्हणाला कुत्रं पळून गेलं. सोळाला त्याच्याबरोबर जाऊन तिच्यासाठी थंडीचा कोट आणला, लाल, चांगला जाड. वाढत्या अंगाची आहे म्हणून एक माप मोठा घेतला. तिला त्याच कोटात ठेवलं. बाह्या बोटांच्याही खाली येत होत्या, त्या मी दुमडल्या.

बाकी सगळ्याची माफी तुला कधीतरी देईन. त्या सहा दिवसांची देणार नाही.

व्हर्लीन